तारा उतरेपर्यंत

"सुया खाली ठेव आधी," मिल्का म्हणाली.

"एवढी ओळ संपू दे गं."

"ओळ नाही नि बीळ नाही. दिवा लागला की हात रिकामे. वीस वर्षं झाली, तरी दर वर्षी हिला सांगायचं!"

कात्रीनने कुरकुर करत विणकाम बाजूला ठेवलं. मीही पदराला हात पुसून मुकाट बसले. शालोमभाऊंनी डोक्यावर टोपी घातली, हिब्रूतली प्रार्थना म्हटली आणि खिडकीतल्या पितळी चौकटीतला पहिला दिवा लावला. काचेच्या चिमुकल्या पेल्यात खोबरेल तेल आणि वात. वर एक जास्तीचा दिवा, तो चाकरीचा. त्यानेच बाकीचे लावायचे. आज एक, उद्या दोन, असे आठ दिवस. हा त्यांचा, ज्यूंचा, हनुकाचा सण. आणि त्याची रीत अशी, की हे दिवे जळताहेत तोवर त्यांच्या उजेडात बाईमाणसाने काही काम करायचं नाही. शिवण नाही, निवडण नाही. नुसतं बसायचं.

मला ही रीत फार आवडायची. आमच्या तेहतीस कोटींपैकी एकालाही सुचलं नाही, की बायकांना अर्धा तास नुसतं बसू द्यावं.

आमच्या गावात इस्रायल आळी म्हणतात त्या गल्लीत तेव्हा त्यांचं हे एकच घर उरलं होतं. बाकीचे कुणी मुंबईला, कुणी थेट इस्रायलला गेलेले. शालोमभाऊ दवाखान्यात कंपाउंडर, म्हणून हे दोघं राहिले. समोर कात्रीनचं घर, आणि कात्रीनच्या भिंतीला भिंत लावून माझं. मी शाळेत बाई. पोरं मला टरकून असायची, आणि खरं सांगायचं तर मोठी माणसंही. उचलली जीभ लावली टाळ्याला, असा माझा स्वभाव.

डिसेंबर हा आमचा तिघींचा महिना. मार्गशीर्षातल्या गुरुवारी माझ्याकडे हळदीकुंकू. मिल्का कुंकू लावून घ्यायची नाही, पण दूध-केळं घ्यायला पहिली हजर. मग मिल्काचे दिवे. मग कात्रीनचा नाताळ. तिच्याकडे बसून आम्ही तिघी नाताळचे गोड कुलकुल वळायचो, नव्या कोऱ्या कंगव्याच्या दात्यांवर पिठाची गोळी दाबून. मिल्कासाठी कात्रीनने कढईसुद्धा वेगळी ठेवली होती. तिच्यात कधी मिल्काच्या धर्माला न चालणारं शिजलं नाही.

पण आदल्या वर्षी यातलं काही झालं नव्हतं. कात्रीनचा नवरा बस्त्याव लाँचवर कामाला होता. भाद्रपदात तापाने गेला. दुखवट्याच्या घरात दिवाळीला आम्ही कंदील लावत नाही, तसा त्यांच्यात नाताळचा तारा लावत नाहीत. कात्रीनने तारा लावला नाही, गोड केलं नाही. आणि मग वर्ष उलटून गेलं तरी ती उठलीच नाही. चहावर दिवस काढायची. अंगावरचे कपडे तिला मोठे व्हायला लागले. मागे रडायला पोरंबाळं असती तर निदान त्यांच्यासाठी चूल पेटली असती, पण तिचं एकुलतं मूल आठ दिवसांचं होऊन गेलेलं.

त्याच आठवड्यात मिल्काला बेंजामिन झाला होता, आणि मिल्का विषमज्वराने आडवी झाली. दूध नाही, शुद्ध नाही. कात्रीन स्वतः कच्ची बाळंतीण. उठली, समोरच्या घरात गेली आणि ते काळंनिळं पोर तिने छातीशी धरलं. नऊ महिने पाजलं त्याला. बेंजू दोघींनाही आईच म्हणायचा. एकीला 'आई', दुसरीला 'समोरची आई'.

तो बेंजू अठराव्या वर्षी काकाच्या मागे इस्रायलला गेला, तिथल्या कायद्याप्रमाणे लष्करात भरती झाला, आणि त्या वर्षी तिकडे मोठी लढाई झाली. पायाला लागलं होतं त्याच्या. दोन महिने इस्पितळात होता.

"पत्र काय म्हणतंय?" मी विचारलं.

"सुधारतोय म्हणे," मिल्का म्हणाली. "जखमेचं काही लिहीत नाही मेला. जेवणात मिरची नाही म्हणून पानभर रडलाय."

"म्हणून तर स्वेटर करतेय," कात्रीन म्हणाली. "तिथं थंडी मरणाची. इस्पितळातून बाहेर पडला की लागेल."

"तो स्वेटर करतेस, ते मला दिसतंय," मिल्का म्हणाली. "आता तारा कधी काढतेस माळ्यावरून, ते सांग."

कात्रीनने खिडकीतल्या दिव्याकडे तोंड फिरवलं.

"वर्ष सरलं ना? सरून तीन महिने झाले. बस्त्याव वरून बघत असेल तर शिव्या देत असेल तुला. या वर्षी तारा लावायचा, कुलकुल करायचे आणि नीट जेवायचं."

"एकटीसाठी कसला तारा लावायचा?"

"एकटी? आणि आम्ही काय गोठ्यातल्या म्हशी?" मी म्हटलं.

कात्रीन हसली. सव्वा वर्षाने हसली ती. मिल्काने ते पाहिलं, मी पाहिलं.

"बरं," कात्रीन म्हणाली. "पण तारा तू येऊन लावायचास. आणि नाताळला दोघांनी माझ्याकडे जेवायचं."

"आले म्हणून समज. नाही आले तर थोबाडीत मार माझ्या."

हे बुधवारी. गुरुवारी माझ्याकडे उद्यापन होतं, तेव्हाही मिल्का आली, दूध प्यायली, माझ्या कलशावरच्या वेणीला नावं ठेवून गेली. शुक्रवारी सकाळी मी शाळेत निघाले तर शालोमभाऊंचा धाकटा भाऊ मुंबईच्या एसटीतून उतरताना दिसला. मी हात केला. त्याने बघून न बघितल्यासारखं केलं आणि आळीकडे वळला. संध्याकाळी त्यांचं दार बंद होतं. शनिवार तर त्यांचा शब्बाथ, त्या दिवशी दार बंदच असतं.

रविवारी आम्ही कुलकुलांचं पीठ मळून बसलो. दहा वाजले, अकरा वाजले, मिल्काचा पत्ता नाही. मी जाऊन दार वाजवलं. शालोमभाऊंनी दार अर्धवट उघडलं आणि वाट अडवून उभे राहिले. खांद्यावर टॉवेल, दाढी वाढलेली. हा माणूस रोज सकाळी गुळगुळीत दाढी केल्याशिवाय चहा पीत नसे.

"तिला ताप आहे, बाई. साथीचा असेल. तुम्ही आत येऊ नका."

"साथीचा असला तर तुम्ही कसे आत? सरा बाजूला, बघू द्या मला."

"नको. झोपलीय." आणि दार लावलं.

मी परत येऊन कात्रीनला सांगितलं. ती लगेच उठली, पातेल्यात पेज टाकायला निघाली. मला मात्र काहीतरी खटकत होतं. भाऊ मुंबईहून काय आला, दार काय लागलं, दवाखान्यातून रजा काय घेतली!

"यांचे कागद आले असणार," मी म्हटलं. "इस्रायलला जायचे. आतल्या आत आवराआवर चाललीय."

"मिल्का मला न सांगता जाईल?"

"सगळे असेच गेले. आळीतल्या एकाने तरी आधी सांगितलं होतं का?"

कात्रीनने पेज नेऊन दिली. शालोमभाऊंनी ती दारातच घेतली.

सोमवारी संध्याकाळी कात्रीनने तारा माळ्यावरून काढला. बांबूच्या कामट्यांचा, बस्त्यावने केलेला. आम्ही त्याला नवा पांढरा कागद चिकटवला. ती सारखी समोर बघत होती. अंधार पडला तसे मिल्काच्या खिडकीत दिवे लागले. एक, दोन, तीन... सहा दिवे आणि वर चाकरीचा.

"बघ," कात्रीन सुस्कारा सोडून म्हणाली. "दिवे लागले. म्हणजे काही वाईट नाही. मी उगाच घाबरले होते, शालोमभाऊंचा चेहरा बघून. काही झालं असतं तर दिवे लागले असते का?"

"तेच म्हणते मी," मी म्हटलं. "दिवे लावायला ताप नाही, इकडे यायला ताप आहे."

तारा मीच लावला, स्टुलावर चढून. कात्रीन खाली उभी राहून दिवा धरून होती. तारा उजळला तेव्हा तिने क्रूस केला आणि डोळे पुसले. "उद्या येईल बघ ती," म्हणाली.

नाताळच्या दिवशी कात्रीन चर्चहून आली ती थेट चुलीपाशी. एरवी शालोमभाऊ त्यांच्या रीतीने कोंबडी कापून द्यायचे. ते आले नाहीत म्हणून तिने पहाटे बंदरावर जाऊन रावस आणला. खवल्याचा मासा त्यांना चालतो, कोळंबी चालत नाही, हे सगळं तिला पाठ. वेगळ्या कढईत तळला. चार पाट मांडले. आमचे हे गावाला गेले होते, म्हणून मी, ती आणि ते दोघं.

एक वाजला. दोन वाजले. मी म्हटलं, "जेवून घेऊ." ती म्हणाली, "तू जेव. मी थांबते." तीन वाजता तिने चारही पाट उचलून भिंतीला लावले. स्वतः घासही घेतला नाही. सव्वा वर्षाने मांडलेलं पान, ते झाकून ठेवलं. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

संध्याकाळी ताट घेऊन मी तिला न सांगता समोर गेले. खिडकीत सात दिवे छान तेवत होते. दार लोटलेलं होतं, मी ढकललं. आत काळोख. जमिनीवर आणखी एक दिवा मिणमिणत होता आणि त्याच्याजवळ मिल्का भुईवर बसली होती, केस विस्कटलेले, भिंतीला टेकून. मला वाटलं, माझी चाहूल लागली म्हणून सोंग घेतलंय.

"बसा. दिवे लावून बसा," मी म्हटलं. "ती बाई तीन वाजेपर्यंत पानावर वाट बघत होती तुमची."

"द्वारके, जा," मिल्का म्हणाली. "आज जा तू."

"जाते की! राहायला नाही आले. एवढंच विचारते, तारा लावायला तूच मागे लागलीस ना? तूच शब्द दिलास ना? आता जायचे कागद हातात आले, आता कात्रीन कोण नि द्वारका कोण! गरज सरो नि वैद्य मरो!"

शालोमभाऊ आतल्या खोलीतून आले. "बाई, पाया पडतो तुमच्या..."

"तुम्ही मध्ये बोलू नका. जिने हिच्या पोराला छातीचं दूध पाजून जगवलं, तिच्याशी असं वागते ही. बेंजूला पत्र लिहिते मी. सगळं कळवते त्याला, तुझी आई कशी आहे ते."

मिल्का माझ्याकडे बघत राहिली.

"लिही," ती म्हणाली.

मी ताट उंबऱ्यावर आपटलं आणि निघून आले.

आणि मी पत्र लिहिलं हो. आंतर्देशीय चालत नाही म्हणून पोस्टातून हवाई पत्र आणून लिहिलं. रकाने भरून लिहिलं. पत्ता माझ्याकडे नव्हता. गुरुवारी दुपारी कळलं की शालोमभाऊ कामावर आलेत, तशी मी दवाखान्यात गेले. गर्दी नव्हती. ते पुड्या बांधत होते. दाढी तशीच.

"बेंजूचा पत्ता द्या," मी म्हटलं. "मी म्हटलं होतं ना, लिहीन म्हणून."

त्यांनी हातातली पुडी पुरी बांधली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "पत्र घालू नका, बाई. बेंजू नाही."

"कुठे गेला?"

तेव्हा त्यांनी वर पाहिलं.

"पायाची जखम आतून चिघळली. विष रक्तात भिनलं. नाताळच्या आदल्या मंगळवारी गेला. भावाने शुक्रवारी येऊन सांगितलं." त्यांनी खांद्यावरचा टॉवेल बाजूला केला. सदऱ्याची गळपट्टी छातीपर्यंत फाडलेली होती. "सात दिवस भुईवर बसायचं असतं आमच्यात. आज सकाळी उठलो."

"पण... दिवे?" मी म्हटलं. अजून मला तेच सुचत होतं. "खिडकीत दिवे लागले होते!"

"ते लावावेच लागतात, बाई. घरात मरण असलं तरी हनुकाचे दिवे चुकवता येत नाहीत. देवाची आज्ञा ती. रोज एक वाढवायचा. मिल्का हात धरायची माझा. भुईवर होता, तो बेंजूचा."

मी तिथल्या बाकावर बसले. पत्र माझ्या हातातच होतं. त्यांनी ते हळूच काढून घेतलं आणि न वाचता खिशात ठेवलं.

मिल्काकडे गेले तेव्हा मी दारातूनच रडायला लागले. तिने मला रडू दिलं. मी तिच्या पायांवर हात ठेवले, ते तिने उचलून बाजूला केले.

"तुला काय माहीत होतं?" म्हणाली. "तुमच्या दोघींच्यात दुखवट्याच्या घरात दिवे लागत नाहीत. मला ठाऊक होतं ते. म्हणून तर खिडकी उघडी ठेवली. कात्रीनने दिवे बघावेत म्हणून."

"म्हणजे?"

"तिने तारा लावावा म्हणून. बेंजूचं कळलं असतं तर लावला असता तिने? तो ताराच तिने चुलीत घातला असता. सव्वा वर्ष अंधारात काढलंय तिने, द्वारके. आता कुठं हसली. अजून चार दिवस तरी खाऊ दे तिला, हसू दे. तीन राजांचा सण झाला की तारा उतरवतात ते. तोपर्यंत. तारा उतरला की मी स्वतः सांगेन."

"अगं, पण तो तिचाही मुलगा."

"म्हणूनच," मिल्का म्हणाली. "शपथ घे. बेंजूची घे."

मला ती शपथ चुकीची वाटत होती. देवाशप्पथ सांगते, वाटत होती. पण दोन दिवसांपूर्वी याच घरात मी जे बोलून गेले होते, ते भरून काढायला माझ्याकडे दुसरं काही नव्हतं. आयुष्यभर जीभ सैल सोडली, आता एकदा तरी आवरून दाखवू, असं मनात आलं. मी शपथ घेतली.

एकतीस तारखेला कात्रीनने हाक मारली. पाठ-पोट विणून झालं होतं, बाह्या राहिल्या होत्या. लोकरीची नवी लड तिने माझ्या दोन्ही हातांत अडकवली आणि समोर बसून गुंडा करू लागली. हे काम एरवी मिल्काचं.

"द्वारके, तुझा हात लांब कर," ती म्हणाली. "त्याचा हात केवढा झाला असेल गं आता? तुझ्या ह्यांच्याएवढा?"

"असेल."

"जरा जास्तच असेल. बापासारखे लांब हात त्याचे. लहानपणी फळीवरच्या टोपलीतले पेरू काढायचा, टाचा उचलून." तिने माझ्या दंडापासून मनगटापर्यंत वीत लावली आणि वर चार बोटं धरली. "एवढा. जास्त झाला तर दुमडेल."

माझे हात लोकरीत अडकलेले. डोळे पुसायचीही सोय नव्हती. मी तोंड फिरवून बसले.

"तुला खरं विचारू?" कात्रीन म्हणाली. गुंडा फिरवणारे हात थांबले होते. "मिल्काच्या घरी काही झालंय का? ती काल नळावर दिसली. मला बघून परत फिरली. रागावलीय, की काही लपवतेय? तुला माहीत असेल तर सांग. तू खोटं बोलत नाहीस. फाडकन बोलतेस, पण खोटं नाही बोलत."

बाहेर पोरं फटाके लावत होती, वर्ष संपत होतं म्हणून.

"काय व्हायचंय?" मी म्हटलं. "जायची घाई झालीय त्यांना, दुसरं काय! माजलीय ती."

"आणि बेंजू बरा आहे?"

"बरा आहे."

कात्रीनने मान डोलावली आणि पुन्हा गुंडा फिरवायला लागली. लड संपेपर्यंत मी हात धरून बसले.

सहा जानेवारीला, तीन राजांच्या सणाच्या संध्याकाळी, तिने तारा उतरवला. मिल्का आणि शालोमभाऊ आले तेव्हा ती तो जुन्या साडीत गुंडाळत होती. मी त्यांच्या मागे उभी. मिल्काला बघून कात्रीनच्या तोंडावर आधी राग आला, मग आनंद. आणि मग तिला मिल्काच्या पोलक्याचा फाटलेला गळा दिसला.

मिल्काने सांगितलं. उभ्यानेच सांगितलं, चार वाक्यांत. कात्रीन तारा हातात धरून ऐकत होती.

"कधी?"

"नाताळच्या आदल्या मंगळवारी."

"आणि तुम्हाला कधी कळलं?"

"शुक्रवारी."

"म्हणजे मी तारा लावला," कात्रीन सावकाश म्हणाली, "तेव्हा माझं पोर मातीत गेलेलं होतं. मी चर्चला नवी साडी नेसून गेले. मी तळण तळलं. तेरा रात्री मी माझ्या दारावर उजेड ठेवला, माझं पोर मेलं असताना. हे पाप कुणाच्या डोक्यावर घालू मी?"

"माझ्या घाल," मिल्का म्हणाली. "तू पुन्हा खाटेला लागशील, या भीतीने केलं मी."

"तू सात दिवस बसलीस त्याच्यासाठी. मला बसू दिलं नाहीस. तू जन्म दिलास, मान्य आहे. पण तो जगला तो कुणाच्या..." तारा तिच्या हातातून खाली पडला, एक कामटी मोडली. मिल्का पुढे झाली. कात्रीनने तिच्या छातीवर दोन बुक्के मारले आणि तिसऱ्याला तिथेच कोसळली, तिच्या गळ्यात. दोघी गुरांसारख्या हंबरल्या. शालोमभाऊ भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

मी पुढे गेले. कात्रीनच्या पाठीवर हात ठेवला. ती एकदम शांत झाली. मान वळवून तिने माझ्याकडे बघितलं.

"तुला कधी कळलं?"

मिल्का म्हणाली, "तिचा दोष नाही, मी शपथ घातली तिला."

"मी तिला विचारतेय."

"सत्तावीसला," मी म्हटलं. "गुरुवारी."

ती मनात दिवस मोजत होती, ते मला दिसलं. तिने माझा हात पाठीवरून काढला. झटकला नाही, हळूच काढला.

"हिचं मी समजू शकते," ती म्हणाली. "ही आई आहे. तू माझ्यासमोर बसून लोकर धरलीस, द्वारका."

जन्मभर द्वारके म्हणायची ती मला.

त्याच संध्याकाळी ती समोरच्या घरात गेली. तिने आपल्या पोलक्याचा गळा दातात धरून टरकावला आणि भुईवर बसली. "माझे सात दिवस आजपासून," म्हणाली. "मला कुणी उठवायचं नाही." मिल्काचे दिवस कधीच सरले होते, तरी ती आत गेली, पेल्यात तेल-वात घालून दिवा लावला, आणि कात्रीनच्या शेजारी पुन्हा भुईवर बसली.

अशा घरात चूल पेटवत नाहीत, शेजाऱ्यांनी न्यायचं असतं. मी सातही दिवस दोन वेळा मसुराची आमटी आणि भात नेला. मिल्का जेवायची. शालोमभाऊ जेवायचे. कात्रीन माझं पान बाजूला सारायची आणि त्यांच्या डब्यातली बिस्किटं पाण्यात बुडवून खायची. स्वेटरचं काय झालं, ते मी विचारलं नाही.

आठव्या दिवशी ती घरी परतली. दुसऱ्या दिवशी संक्रांत. सकाळपासून मी स्वयंपाकघरात बसून होते, जावं की न जावं. शेवटी दिवेलागणीला वाटी घेऊन तिच्या दारात उभी राहिले. वड्या देताना म्हणायचे ते दोन शब्द, शाळेत शंभर पोरांकडून घोकून घेतलेले, माझ्या तोंडातून बाहेर पडेनात. मी नुसती वाटी पुढे केली. कात्रीनने एक वडी उचलली, तोंडात टाकली, आणि दार लोटून घेतलं.

पुढच्या उन्हाळ्यात मिल्का आणि शालोमभाऊ मुलाच्या मातीजवळ राहायला निघून गेले. कात्रीन आणखी अकरा वर्षं जगली, माझ्या भिंतीला भिंत लावून. रात्री तिचा खोकलाही मला ऐकू यायचा. दर संक्रांतीला मी वाटी घेऊन जायचे. तिने एकदाही वडी नाकारली नाही, आणि एकदाही माझ्याशी बोलली नाही.